बेदाणा शेडमधले सहा सेन्सर आणि एक चिप : प्रकल्प नोंदी

शनिवार, ११ जानेवारी २०२५, पुणे

सहा सेन्सर आले. सगळे एसएचटी३१, एकाच पाकिटातले. तासगावजवळच्या आमच्या बेदाणा शेडमध्ये रॅकच्या सहा थरांवर तापमान आणि हवेतली ओल मोजायची आहे. मागच्या हंगामात काका म्हणाले होते, “वरचा माल आधी वाळतोय आणि तळचा रातीला परत ओल धरतोय. किती धरतोय ते आकड्यात सांग, मग ताडपत्री कवा सोडायची ते माझं मी बघतो.” द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यातून काढून जाळीवर पसरली की पुढचे बारा-पंधरा दिवस सगळं हवेच्या हातात. त्यात दोन-तीन रात्री दमट निघाल्या की माल काळपट पडतो आणि सौद्यात त्याचा भाव उतरतो.

अडचण पहिल्याच पानावर आहे. एसएचटी३१ आय-टू-सी बसवर, म्हणजे चिपांनी आपसात बोलायच्या सामाईक तारांवर, बोलतो. या बसला दोनच तारा: एसडीएवरून माहिती जाते, एससीएलवरून क्लॉकचे ठोके. दोन तारांवर बरेच जण बसू शकतात, पण प्रत्येकाचा पत्ता वेगळा हवा. या सेन्सरला पत्ते दोनच देता येतात, हेक्समध्ये ४४ किंवा ४५. माझ्याकडे सेन्सर सहा.

नेहमीचा मार्ग म्हणजे टीसीए९५४८ए हा मल्टिप्लेक्सर. एका बसच्या आठ फांद्या होतात आणि एका वेळी एक फांदी उघडून वाचत जायचं. साध्या मायक्रोकंट्रोलरवर हे चालतं, मी पूर्वी केलेलंही आहे. पण टेबलावर आइसब्रेकर बोर्ड आहे, त्यावर लॅटिसचा आइस४० यूपी५के हा एफपीजीए, ५,२८० लॉजिक सेलचा. त्यात मला हवी ती चिप मीच मांडू शकतो. पिना भरपूर आहेत. प्रत्येक सेन्सरला स्वतःच्या दोन तारा दिल्या की पत्त्याचा प्रश्न उरतच नाही, आणि सहाही थर एकाच क्षणी मोजता येतात. शेडमध्ये वाऱ्याची झुळूक आत आली की अर्ध्या मिनिटात आकडे हलतात, म्हणून एकाच क्षणाचे आकडे मला हवे आहेत.

चिपमध्ये मधोमध पिकोआरव्ही३२ हा छोटा प्रोसेसर बसवणार, बोर्डवरच्या १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर. सेन्सरशिवाय डीएस३२३१ घड्याळ, नोंदी ठेवायला २४सी२५६ ईईप्रॉम आणि वीस अक्षरांच्या चार ओळींचा एलसीडी. ही सगळी मंडळी १०० किलोहर्ट्झवर बोलणार. म्हणजे त्यांचा एक बिट सरकेपर्यंत माझ्या चिपचे १२० ठोके होऊन गेलेले असतील.

रविवार, १२ जानेवारी

सुरुवात सगळ्यात सोप्या रचनेनं. पिकोआरव्ही३२ची मेमरी बस समजायला फार सुटसुटीत आहे. प्रोसेसरला काही वाचायचं असलं की तो ‘व्हॅलिड’ वर करतो आणि समोरचा ‘रेडी’ वर करेपर्यंत जागच्या जागी उभा राहतो. मी आय-टू-सीचं सर्किट सरळ या बसला जोडलं. प्रोसेसरनं पत्ता वाचला की सर्किट सेन्सरला आज्ञा पाठवतं, मोजणी होईस्तोवर थांबतं, उत्तर आणतं आणि मगच रेडी वर करतं. सी भाषेतला प्रोग्राम तर एका ओळीचा झाला.

एक सेन्सर जोडला. खोलीत २४.६ अंश, ओल ४१ टक्के. सेन्सरवर फुंकर मारली की ओल सरसर चढते आणि सावकाश उतरते. पहिल्याच दिवशी हे दिसल्यावर फार बरं वाटलं.

शनिवार, १८ जानेवारी

रविवारची रचना मोडली. लॅपटॉपवरून सिरियलवर आज्ञा पाठवल्या की मधली अक्षरं गळतात. ‘घड्याळ लाव’ ही बारा अक्षरी आज्ञा कधी तीनच अक्षरांची पोचते, कधी पोचतच नाही. आधी केबलवर संशय घेतला, मग बॉड रेट (सिरियलचा वेग) तपासला. दोन्ही ठीक.

शेवटी कागदावर हिशेब मांडला, तो पहिल्या दिवशीच मांडायला हवा होता. एसएचटी३१ला नीट, बारकाईनं मोजायला सुमारे १५ मिलिसेकंद लागतात. आज्ञेचे २७ बिट आणि उत्तराचे ६३ बिट धरून जवळपास एक मिलिसेकंद आणखी. एकूण १६ मिलिसेकंद, म्हणजे १२ मेगाहर्ट्झवर १,९२,००० ठोके. एवढा वेळ प्रोसेसर एकाच सूचनेवर खिळून उभा. तिकडे ११५२०० बॉडवर दर ८७ मायक्रोसेकंदाला एक अक्षर येतंय आणि माझ्या यूएआरटीत (सिरियलवरची अक्षरं झेलणाऱ्या सर्किटात) जागा एकाच अक्षराची. त्या १६ मिलिसेकंदांत १८० च्या वर अक्षरं येऊन जाऊ शकतात, त्यातलं एक वाचतं. सहा सेन्सर ओळीनं वाचले असते तर हाच अडकाव शंभर मिलिसेकंदांवर गेला असता.

यूएआरटीला मोठा बफर लावून हे झाकता आलं असतं, पण तो उपाय दुखण्यावरचा नाही. चूक रचनेत आहे. जलद चिपला मंद उपकरणाच्या दारात उभं करायचंच नाही. मंद उपकरणाशी त्याच्या चालीनं बोलायला वेगळं सर्किट ठेवायचं, त्यानं आणलेली वस्तू कोनाड्यात ठेवायची, आणि प्रोसेसरला लागेल तेव्हा त्यानं कोनाड्यातून उचलायची. कोनाडा म्हणजे चिपच्या आतलं ३२ बिटांचं रजिस्टर. ते एका ठोक्यात वाचून होतं.

कोडमध्येही या रजिस्टरांना ‘कोनाडा’ असंच नाव दिलं. सहा महिन्यांनी वाचताना कशासाठी आहे ते लगेच आठवेल.

रविवार, २६ जानेवारी

सकाळी झेंडावंदन करून आलो, तेव्हापासून बसलोय. आता संध्याकाळचे सात. सहा सेन्सर एकदम वाचले जातायत.

प्रत्येक सेन्सरला वेगळं स्टेट मशीन (पायरीपायरीनं हुकूम देणारं सर्किट) लिहिलं होतं, तेव्हा ५,२८० पैकी ३,९०० सेल भरत होते. मग लक्षात आलं की सहाही जण एकच काम एकाच वेळी करतात. तेव्हा हुकूम देणारा एकच पुरे. आता स्टेट मशीन एक, एससीएलचा ठोका सहाही पिनांवर एकाच वेळी, आणि आत येणाऱ्या माहितीसाठी फक्त सहा शिफ्ट रजिस्टर (एकेक बिट आत सरकवत साठवणारी सर्किटं). कवायतीत एका शिट्टीवर सगळी रांग पाय उचलते, तसं. सेल ३,१०० वर आले. योसिस आणि नेक्स्टपीएनआर ही मोफत साधनं वापरतोय, सगळी घडण दीड मिनिटात होते.

यासाठी सेन्सरची आज्ञा बदलावी लागली. एसएचटी३१ला दोन प्रकारे मोजायला सांगता येतं. ‘२सी ०६’ ही आज्ञा दिली तर मोजणी होईपर्यंत तो एससीएलची तार खाली धरून ठेवतो आणि मालकाला, म्हणजे बस चालवणाऱ्या चिपला, थांबवतो. ‘२४ ००’ दिली तर तो तार धरत नाही. मोजणी संपायच्या आत वाचायला गेलात तर होकार देत नाही, एवढंच. सहा जणांना एका ठोक्यावर चालवायचं तर कुणीही तार धरून चालणार नाही, म्हणून दुसरी आज्ञा. तार कुणी धरणारच नसल्यामुळे एससीएलची पिन नेहमीच्या आउटपुटसारखी दोन्ही बाजूंनी जोरात चालवता आली. एसडीए मात्र ओपन-ड्रेनच: चिप ती फक्त खाली ओढते, वर जाण्याचं काम पुल-अप रेझिस्टरचं.

एसडीएवरून आत येणारा बिट माझ्या क्लॉकला ओळखत नाही, तो केव्हाही बदलतो. बदलाच्या नेमक्या क्षणी फ्लिप-फ्लॉपनं (एक बिट धरून ठेवणाऱ्या सर्किटानं) त्याला पकडलं तर आतली पातळी क्षणभर धड शून्य नाही की धड एक नाही अशी लटकते. म्हणून प्रत्येक एसडीए दोन फ्लिप-फ्लॉपांतून पुढे नेली आणि त्यापुढे लागोपाठचे तीन नमुने सारखे आले तरच बदल मान्य करणारी गाळणी लावली. पाच ठोके, म्हणजे साधारण ०.४ मायक्रोसेकंद गेले. बिटच १० मायक्रोसेकंदांचा असताना एवढं परवडतं.

सीआरसीची (माहिती वाटेत बिघडली का ते ओळखायच्या पडताळा-आकड्याची) तपासणीही तिथंच, बिट येतील तशी. सेन्सर दर दोन बाइटमागे एक सीआरसी बाइट पाठवतो. प्रत्येक सेन्सरमागे आठ फ्लिप-फ्लॉपांचं सर्किट बसवलं की शेवटचा बिट आला त्याच क्षणी वाचन खरं की खोटं ते कळतं. खोटं असेल तर कोनाड्याला हात लावायचा नाही, जुनं तसंच राहू द्यायचं.

पण जुनं आहे हे प्रोसेसरला समजलं पाहिजे. म्हणून प्रत्येक कोनाड्याला ‘वय’ जोडलं, शेवटच्या खऱ्या वाचनाला किती सेकंद झाले त्याचा मोजक. तासाभरापूर्वीचा आकडा ताजा म्हणून दाखवला तर काका त्यावर विसंबून ताडपत्री उघडी ठेवतील.

बुधवार, ५ फेब्रुवारी, रात्री

हा दोष तीन रात्री पुरला. चिपमध्ये नवी रचना लोड केली की वीस-पंचवीस वेळांतून एकदा काहीच सुरू होत नाही. यूएसबी काढून परत लावली की सगळं सुरळीत. पुन्हा पुन्हा लोड केलं तर कधी सुटतं, कधी नाही.

आज अडकलेल्या अवस्थेत बोर्डला हात न लावता मल्टिमीटरनं सहा एसडीए तारा मोजल्या. चार तारा ३.३ व्होल्टवर. दुसरी आणि पाचवी शून्यावर. चिपच्या पिना मोकळ्या होत्या, म्हणजे तारा सेन्सरनंच खाली धरल्या होत्या. पुढच्या वेळी अडकलं तेव्हा पहिली, तिसरी आणि सहावी.

मग उलगडलं. टेबलावर चाचणीसाठी मी सेन्सर न थांबता वाचत होतो. ऐन वाचनात चिप पुसली गेली, की त्या क्षणी ज्या सेन्सरचा ‘शून्य’ बिट तारेवर होता तो पुढच्या ठोक्याची वाट बघत तार तशीच खाली धरून बसतो. त्याच्या लेखी संभाषण चालूच आहे. इकडे नवी चिप जागी होते आणि सुरुवात करण्याआधी सहाही तारा मोकळ्या आहेत का ते पाहते, कारण ती तपासणी मीच घातली होती. दोघं एकमेकांची वाट बघत राहतात. यूएसबी काढली की सेन्सरची वीज जाते आणि त्याला सगळं विसरायला होतं, म्हणून ते औषध लागू पडत होतं.

उपाय आय-टू-सीच्या अधिकृत विवरणातच आहे आणि सेन्सरच्या डेटाशीटमध्येही. एसडीए मोकळी सोडून एससीएलवर नऊ ठोके द्यायचे. अर्धवट राहिलेला बाइट कुठलाही असो, नऊ ठोक्यांत तो संपतो आणि तार सुटते. त्यामागून एक ‘स्टॉप’, म्हणजे संभाषण संपल्याची खूण. चिप जागी झाली की पहिलं काम हेच, असं ठरवून टाकलं.

दुसरा बदल याहून महत्त्वाचा. ‘सहाही मोकळे असतील तरच सुरू’ ही अट काढली. एक सेन्सर मेला म्हणून उरलेल्या पाचांचं वाचन थांबता कामा नये. ज्याची तार अडकलीय त्याचं वय वाढत जाईल आणि पडद्यावर दिसेल.

नव्या रचनेनं साठ वेळा लोड करून पाहिलं. साठही वेळा सुरू झालं. आता झोपतो.

शनिवार, ८ फेब्रुवारी

दुसरी बस: घड्याळ, ईईप्रॉम, एलसीडी. यांचे पत्ते मुळातच वेगळे (हेक्स ६८, ५० आणि २७), त्यामुळे तिघं एकाच दोन तारांवर.

घड्याळ आणि ईईप्रॉम ४०० किलोहर्ट्झला तयार आहेत, पण एलसीडीच्या पाठीवरचा पीसीएफ८५७४ १०० च्या पुढे जात नाही. बाकीच्यांशी ४०० नं बोलावं तर तेच ठोके त्याच्याही तारांवर पोचतात आणि तो काय समज करून घेईल याचा भरवसा नाही. दिंडीत चाल सगळ्यात सावकाश चालणाऱ्याची ठेवतात. इथंही अख्खी बस १०० वर. माझ्या चिपचं त्यात काही जात नाही, ती कोनाड्यातूनच वाचते.

एलसीडीचं मॉड्यूल ५ व्होल्टचं आणि त्याचे पुल-अपही ५ व्होल्टला. आइस४०च्या पिना ३.३ व्होल्टच्या, ५ सोसणाऱ्या नाहीत. मध्ये बीएसएस१३८ मॉसफेटचा दुहेरी लेव्हल शिफ्टर (३.३ आणि ५ व्होल्टमधला दुभाषा) टाकला. हे न बघता मॉड्यूल सरळ जोडू नये, पिन हळूहळू मरते आणि कारण शोधता शोधता आठवडा जातो.

एलसीडीला एक अक्षर पाठवायला पीसीएफ८५७४कडे किमान चार बाइट जातात, कारण अक्षर अर्धं-अर्धं करून द्यायचं आणि प्रत्येक अर्ध्यासाठी ‘ई’ची (आता घे असं सांगणारी) पिन वर-खाली करायची. १०० किलोहर्ट्झवर पूर्ण पडदा भरायला तीसेक मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ घड्याळ आणि ईईप्रॉम ताटकळत. म्हणून पडद्याचं काम एकेका अक्षरात तोडलं. प्रत्येक अक्षरानंतर बस सोडायची, घड्याळाला किंवा ईईप्रॉमला हवी असेल तर त्यांना आधी द्यायची. आता पडद्यामुळे कुणालाच अर्ध्या मिलिसेकंदापेक्षा जास्त खोळंबावं लागत नाही.

ईईप्रॉमची नोंद ३२ बाइटची केली: सहा सेन्सरचे २४, वेळेचे ७, सीआरसीचा १. २४सी२५६ मध्ये अशा १,०२४ नोंदी मावतात. अर्ध्या तासाला एक धरली तर एकवीस दिवस. एक घाण (रॅकवर एका वेळी चढवलेला माल) वाळून निघायला तेवढं पुष्कळ.

रविवार, १६ फेब्रुवारी

घड्याळाच्या कोनाड्यात एक फट राहिली होती. सेन्सरचं तापमान आणि ओल मिळून ३२ बिट, एका कोनाड्यात बसतात, एका ठोक्यात उचलले जातात. घड्याळ मात्र सात बाइटचं, त्याला दोन कोनाडे: एकात सेकंद-मिनिट-तास-वार, दुसऱ्यात तारीख-महिना-वर्ष. माझा प्रोग्राम आधी तारीख उचलत होता, ती पडद्यावर पाठवत होता आणि मग वेळ उचलत होता. त्या मधल्या वेळात मध्यरात्र उलटली तर? जुनी तारीख आणि नवी वेळ, म्हणजे नोंद अख्खा दिवस मागे.

घड्याळ २३:५९:५० ला लावून आपोआप दोनशे वेळा मध्यरात्र उलटवली. तीनदा चुकलं. एका घाणीत पंधरा मध्यरात्री, त्यात हे कदाचित कधीच घडलं नसतं. पण घडू शकतं हे माहीत असताना ठेवणं मला जमत नाही.

उत्तर डीएस३२३१नंच शिकवलं. त्या इवल्या चिपच्या आत हाच प्रश्न आहे, कारण सात बाइट वाचले जात असताना तिचं घड्याळ थांबत नाही. ती बसवर ‘स्टार्ट’ दिसताच चालू वेळेची एक प्रत बाजूला काढते आणि ती प्रत वाचायला देते. मीही तसंच केलं. पहिला कोनाडा वाचला की त्याच ठोक्याला दुसऱ्याची प्रत गोठते आणि दुसरा वाचताना ती गोठलेली प्रत मिळते. ३२ फ्लिप-फ्लॉप लागले. प्रोग्राममध्ये आधी वेळ, मग तारीख असा क्रम पक्का केला. पुन्हा पाचशे मध्यरात्री उलटवल्या. एकही चूक नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी, महाशिवरात्र, तासगाव

सुट्टी धरून गावी आलो. शेडमध्ये पहिली घाण कालच पडलीय, ओल्या द्राक्षांचा आणि तेलाचा वास भरून राहिलाय. चिपचा डबा खालच्या खांबावर, तिथून सहा केबली वेगवेगळ्या थरांवर. सगळ्यात लांब १२ मीटर, सगळ्यात जवळची २. नेटवर्कची कॅट-५ केबल वापरली.

पुण्याला टेबलावर वीतभर तारांवर चाललेलं इथं चाललं नाही. २ मीटरचा सेन्सर ठीक, १२ मीटरचा मुका. मधल्यांचं मधलंच.

फिलिप्सनं १९८२ मध्ये आय-टू-सी काढली ती एकाच बोर्डावरच्या चिपांना आपसात बोलता यावं म्हणून. विवरणात तारेवरच्या कपॅसिटन्सची (तार विद्युतभार किती साठवते त्याची) मर्यादा ४०० पिकोफॅरड दिलीय. कॅट-५च्या एका जोडीत मीटरमागे साधारण ५० पिकोफॅरड असतात, म्हणजे १२ मीटरला ६००. सेन्सरच्या मॉड्यूलवरचा पुल-अप १० किलोओहमचा. तार वर चढायला लागणारा वेळ ०.८४७ × रेझिस्टन्स × कपॅसिटन्स, म्हणजे ५ मायक्रोसेकंद. १०० किलोहर्ट्झला अर्धा ठोकाच ५ मायक्रोसेकंदांचा! तार वर पोचायच्या आत पुढचा ठोका येत होता.

डब्यात प्रत्येक एसडीएला १.८ किलोओहमचा आणखी एक रेझिस्टर ३.३ व्होल्टला जोडला. मॉड्यूलवरच्या १० किलोओहमला समांतर धरून १.५ झाले. चढण ०.८ मायक्रोसेकंदावर आली. तार खाली ओढताना २.२ मिलिॲम्पियर जातात, सेन्सर ३ पर्यंत ओढू शकतो. सोबतीला या बसची चाल निम्मी केली, ५० किलोहर्ट्झ. वेरिलॉगमध्ये (चिपची रचना जिच्यात लिहितो त्या भाषेत) एक आकडा बदलायचा होता. सेन्सरना सावकाश चालवण्यात आपलं काहीच जात नाही, हा या सगळ्या मांडणीचा मला सगळ्यात आवडलेला गुण. कोनाड्याच्या अलीकडे कुणालाच त्याचा पत्ता लागत नाही.

सहाही बोलू लागले. काकांनी पडदा बघितला आणि म्हणाले, “वरचा सहावा पस्तीस दावतोय आणि तळचा एकतीस. आता खरं बोलतंय हे.”

शनिवार, १ मार्च, तासगाव

खरं बोलत होतं, पण सगळंच नाही. दोन दिवसांचे आकडे उतरवून घेतले तर १२ मीटरच्या केबलवर हजारात सत्तर वाचनं सीआरसीत नापास. ९ मीटरच्या केबलवर वीस. २ मीटरवर एकही नाही. सीआरसी नसता तर ही सत्तर वाचनं आकडे म्हणून पडद्यावर आली असती.

मित्राचा हातात मावणारा स्कोप (तारेवरचं व्होल्टेज आलेखात दाखवणारं यंत्र) सोबत आणला होता. मचाणावर बसून सहाव्या थरावरच्या टोकाला प्रोब लावला. एससीएल खाली पडली रे पडली, की शेजारच्या एसडीएलाही खाली एक दात येतोय. एससीएल वर गेली की एसडीएला वर एक दात. एसडीए स्वतः स्वस्थ असायला हवी अशा वेळी.

चूक माझ्या हातची. केबल सोलून जोडताना नारिंगी जोडीतल्या दोन तारा मी एसडीए आणि एससीएलला दिल्या होत्या, दोन्ही सिग्नल, दोन्ही एका जोडीत, दिसायला नीटनेटकं. पण जोडीला पीळ असतो तो त्या दोन तारा एकमेकींना घट्ट बांधण्यासाठी. मी एससीएलचे जोरकस काठ १२ मीटरभर एसडीएच्या कानाशी वाजवत होतो. एससीएल वर असताना एसडीए हलली की बसच्या भाषेत त्याचा अर्थ ‘स्टार्ट’ किंवा ‘स्टॉप’ होतो, त्यामुळे छोटासा दातही अख्खं वाचन मोडतो.

दुपारभर सहाही केबली पुन्हा जोडल्या. नारिंगी जोडी: एसडीए आणि ग्राउंड. हिरवी: एससीएल आणि ग्राउंड. निळी: ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड. तपकिरी रिकामी. शिवाय एससीएलच्या प्रत्येक पिनेला १०० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये, म्हणजे काठ जरा बोथट होईल. मचाणावर चढ-उतर करताना काकांचा मुलगा खालून बॅटरी दाखवत होता, अंधार पडेस्तोवर काम चाललं.

रात्रभर न थांबता वाचत ठेवलं.

रविवार, २ मार्च, सकाळ

दहा हजारांवर वाचनं. नापास शून्य, सहाही केबलींवर.

रविवार, ९ मार्च, पुणे

काकांनी ईईप्रॉमच्या नोंदी सिरियलवरून उतरवून पाठवल्या. आलेख काढला. दुपारी दोनला सहावा थर ४१.८ अंश, पहिला ३४.२. पत्र्याखालची उष्णता, अपेक्षितच. पहाटे पाचचं चित्र मात्र मी असं धरलं नव्हतं: सहाव्यावर ओल ६१ टक्के, पहिल्यावर ७८. आणि ही ओल पहाटे एकदम चढत नाही. रात्री साडेअकरापासून तळच्या दोन थरांवर चढत जाते, वरच्या चार थरांना तीन वाजेपर्यंत त्याचा गंधही नसतो.

काका आजवर पहाटे चारला उठून ताडपत्री सोडत होते. आलेख बघून फोनवर म्हणाले, “मग आता निजायच्या आधीच सोडायची म्हण की. चारचं उठणंबी वाचलं.”

शनिवार, १५ मार्च

धुळवडीला गावी गेलो होतो, आजच परतलो. चौथ्या थराचा सेन्सर गुरुवारपासून ओल १०० टक्के दाखवत होता, वय ताजं, सीआरसी बरोबर. म्हणजे बसचं काम चोख, सेन्सरचंच काहीतरी. वर जाऊन बघितलं. रॅकवर मालावर डिपिंगचं पाणी परत फवारतात, त्या फवाऱ्याचा पातळ तेलकट थर सेन्सरच्या खिडकीवर बसलेला. सेन्सर बदलला आणि सहाहींवर बारीक छिद्रांच्या टेफ्लॉन कापडाच्या टोप्या चढवल्या. फवारणीच्या तासाभरात वरून प्लॅस्टिकची वाटी झाकायची, हे काकांनीच ठरवलं.

एसएचटी३१च्या आत छोटा हीटर असतो. ‘३० ६डी’ आज्ञेनं सुरू, ‘३० ६६’ नं बंद. दवानं भिजलेला सेन्सर त्यानं कोरडा करता येतो. दोन्ही आज्ञा स्टेट मशीनमध्ये घातल्या, पण हीटर चालू असतानाचं आणि त्यानंतर दोन मिनिटांचं वाचन कोनाड्यात जाऊ द्यायचं नाही, नाहीतर तापमान खोटं चढलेलं दिसेल. तेवढ्या वेळात वय वाढू द्यायचं. वयाचा मोजक पहिल्यांदा घातला तेव्हा हे डोक्यातही नव्हतं.

रविवार, ३० मार्च, गुढीपाडवा, तासगाव

पहिली घाण रॅकवरून निघाली, दुसरी चढली. काकांना पडद्यावर एक गोष्ट हवी आहे: प्रत्येक थराच्या आत्ताच्या आकड्याशेजारी काल याच वेळेचा आकडा. म्हणजे अठ्ठेचाळीस नोंदी मागं जाऊन ईईप्रॉम वाचायचा. तो आकडाही त्याच दुसऱ्या बसवरून, त्याच १०० किलोहर्ट्झनं यायचा, तेव्हा त्याच्यासाठी आणखी सहा कोनाडे. सेल ३,४०० झालेत, जागा आहे. ईईप्रॉम लिहीत असला की ५ मिलिसेकंदपर्यंत कुणालाच उत्तर देत नाही, तेवढा वेळ थांबून पुन्हा विचारण्याचं सर्किट आधीपासून आहे, तेच वापरतो.

पुरणपोळ्या झाल्या की डबा उघडतो. संध्याकाळी साडेसहाच्या आत बसवला तर आज रात्रीपासूनच दोन आकडे शेजारी दिसतील.